तगर नगरीच्या विटा आणि आपली जबाबदारी

विहाराचा वर्धापन दिन जवळ आला की आपण हिशेब मांडतो. बांधकाम किती झालं, दान किती जमलं, धम्मवर्गाला मुलं किती येतात, वर्षावासात प्रवचनं किती झाली. हा हिशेब हवाच. पण या स्मरणिकेत त्याच्या शेजारी आणखी एक हिशेब मांडावा, असं आम्हाला वाटतं. तो दोन हजार वर्षांचा आहे आणि अजून मिटलेला नाही. त्याचं गाव आपल्याच जिल्ह्यात, धाराशिवच्या ईशान्येला वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी आहे. गावाचं नाव तेर.

तेर म्हटलं की पहिलं नाव ओठांवर येतं ते संत गोरोबाकाकांचं. ते योग्यच आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजार वर्षं आधी या गावाचं नाव दूरदेशी पोचलेलं होतं, आणि ते कापडामुळे. त्या काळी गावाला तगर म्हणत. आजच्या भाषेत बोलायचं तर तगर हे उद्योगाचं शहर होतं. तिथले कारखाने यंत्रांचे नव्हते, माणसांच्या हातांचे होते, एवढाच फरक.

पुढे तो धंदा बसला, शहर ओसरलं, आणि उरलं ते एक गाव आणि त्याच्या भोवतीच्या पांढरीच्या टेकड्या. अशा गावाला पुन्हा उभारी कशी द्यायची, जुनं जपता जपता गावकऱ्यांच्या हाताला काम कसं मिळेल, आणि त्यात आपल्या समाजाचं कर्तव्य कोणतं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मागावरचं शहर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका माणसाने तांबड्या समुद्रापासून भारताच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची आणि व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. भडोच बंदराविषयी लिहिताना तो सांगतो, की तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण लागतं, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगर हे फार मोठं नगर आहे, असंही तो म्हणतो. पैठणहून भडोचला किमती खडे जातात, तर तगरहून पुष्कळसं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. माल गाड्यांवर लादून नेतात आणि मधल्या मोठ्या मुलखात धड रस्ता नाही, हेही त्याने नोंदवलं आहे. पुढच्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगरचं नाव येतं.

म्हणजे बघा, तेरणेकाठी विणलेलं कापड महिनाभर गाडीत हिंदकळत भडोचला जायचं आणि तिथून गलबतात चढायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नव्हे. कापूस पिकवणारा शेतकरी, सरकी काढणारे, पिंजणारे, सूत कातणाऱ्या बाया, विणकर, रंगारी, गाडीवान आणि या सगळ्यांना उधार-उसनवार देणारा व्यापारी, अशी सारी साखळी उभी राहते तेव्हा कुठे मलमलीचा एक तागा बाजारात येतो. इतिहासाच्या पुस्तकात राजांची नावं राहतात. तगरचं नाव मात्र कष्टकऱ्यांच्या मालामुळे राहिलं, ही गोष्ट आपण विसरू नये.

१९५८ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. एन. चापेकर यांनी तेरला उत्खनन केलं. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरही तिथे उत्खननं झाली. सातवाहन काळातली मातीची भांडी, पांढऱ्या केओलिन मातीच्या सुबक मूर्ती, खड्यांचे आणि काचेचे मणी, शंखाच्या वस्तू असा मोठा ऐवज तेरच्या पांढरीत मिळाला आहे. त्यातली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती तर जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. इटलीतलं पाँपेई हे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. त्या राखेतून १९३८ मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तेरची मूर्ती तिच्या जवळच्या नात्यातली आहे. कुठे पाँपेई आणि कुठे तेर! पण व्यापाराने ही दोन टोकं एका धाग्यात आणली होती.

विणकर आणि विहार

या व्यापाराशी आपल्या धम्माचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. व्यापारी वाटांवर लेणी आणि विहार उभे राहिले, आणि त्यांचे दाते नुसते राजे नव्हते. कार्ल्याच्या खांबांवर यवन दात्यांची नावं आहेत. तिथल्याच प्रवेशद्वारापाशी धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या, कासारांच्या आणि धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणी येतात. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ.

सगळ्यात बोलका लेख नाशिकच्या लेण्यात आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण झाले. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब चोख जमतो. दुसऱ्या श्रेणीकडे आणखी १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने ठेवले होते. ठेवीला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं, हा नियम. आज आपण विहाराची मुदत ठेव बँकेत ठेवतो ना, तसंच. त्या काळची बँक विणकरांची होती आणि लोकांचा तिच्यावर भरवसा होता.

तगरसारख्या कापडाच्या शहरात स्तूप उभा राहावा, यात मग नवल ते काय? पुढच्या काळातल्या उत्खननात तेरला विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले. गाडीच्या चाकाला आरे असतात तशा भिंती त्याच्या पायात घातल्या होत्या. आऱ्यांच्या मधल्या पोकळ्या भरल्या की वरचा भार सगळीकडे सारखा पेलला जातो. पाया भक्कम होतो आणि विटाही कमी लागतात. आंध्रातल्या नागार्जुनकोंडा इथेही अशा चक्राकृती पायाचे स्तूप आहेत.

नाव राहिलं, गाव हरवलं

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात संपली. रोमन साम्राज्याशी चालणारा व्यापारही आटत गेला. गिऱ्हाईक गेलं की माग थांबतो. गिरण्यांच्या बाबतीत आपण हे डोळ्यांनी पाहिलं. तगर काही एका दिवसात उजाड झालं नाही. वस्ती राहिली, मंदिरं बांधली गेली, पण पूर्वीचा थाट गेला.

नाव मात्र टिकलं. कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे शतकानुशतकं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत राहिले. आपलं मूळ त्या श्रेष्ठ नगरात आहे, असा त्यांचा अभिमान. पण ते नगर नेमकं कुठलं, हे पुढे लोकांच्या ध्यानातून गेलं. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तगर कुठे कुठे म्हणून शोधलं! कुणी देवगिरी म्हणाले, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, हे साधार मांडलं. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेरच्या वास्तूंची पाहणी केली आणि ती पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात छापून आली.

कझिन्सना तेरला काय दिसलं? त्रिविक्रमाचं मंदिर. मागची बाजू अर्धगोल, हत्तीच्या पाठीसारखी. वर विटांचं गाडीच्या टपासारखं छप्पर, आणि दर्शनी बाजूला चैत्यगवाक्षाचा आकार. पुढचा सपाट छताचा मंडप नंतर जोडलेला. हे मूळचं बौद्ध चैत्यगृह असून पुढे ते विष्णूमंदिर झालं, असं मत त्यांनी मांडलं. आंध्रातलं चेजर्ला इथलं कपोतेश्वराचं मंदिर हे याच घडणीचं दुसरं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. ही वास्तू सुरुवातीपासूनच मंदिर असावी, असं मानणारे अभ्यासकही आहेत. त्यांचंही म्हणणं वाचायला हवं. पण लेण्यांतल्या दगडात आपण जे चैत्यगृह पाहतो त्याचा विटांत बांधलेला, छपरासकट उभा असलेला आकार पाहायचा तर महाराष्ट्रात तेरलाच जावं लागतं, यात वाद नाही.

वापर थांबला की वास्तू पडते

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. तेरला स्तूपाचा नुसता पाया उरला आणि चैत्याकृती वास्तू मात्र छपरासह उभी राहिली. असं का झालं? चैत्यात दिवा लागत राहिला. कुणी ना कुणी झाडलोट केली, गळती बुजवली, पडलेली वीट परत बसवली. स्तूपाला असा कुणी धनी राहिला नाही. आणि धनी नसलेल्या बांधकामाचं आपल्या खेड्यात काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आयती भाजलेली वीट मिळते, ती कुणाच्या ओट्याला जाते, कुणाच्या आडाला. पांढरीची माती खत म्हणून शेतात पडते. त्यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. पोटापाण्याचा व्यवहार असतो.

म्हणून जुन्या वास्तूला वाचवणारी पहिली गोष्ट म्हणजे तिचा वापर. कुंपण घालून कुलूप लावलेली वास्तूही हळूहळू पडतेच. पण वापराबरोबर आठवणही हवी. तेरची चैत्याकृती वास्तू वापरामुळे वाचली खरी, मात्र तिचं जुनं नाव लोकांच्या तोंडून पुसलं गेलं. उलट शिलाहारांच्या पदवीत नाव राहिलं, पण गाव हरवलं. वापर आणि आठवण ही दोन्ही चाकं असली तरच गाडी चालते.

काही तरुण मंडळी विचारतात, 'मग आपण त्या जागेवर हक्क सांगायचा का?' आमचं स्पष्ट मत आहे की भांडणाने वीट वाचत नाही. तिथे पूजा करणाऱ्या गावकऱ्यांच्या पिढ्यांनीच ती वास्तू आजवर सांभाळली, याबद्दल आपण त्यांचे ऋणीच आहोत. मागायचं ते एवढंच, की अभ्यासकांनी काय काय सांगितलं आहे ते सगळं तिथल्या फलकावर, सोप्या मराठीत, गाळागाळ न करता लिहिलेलं असावं.

आणखी एक गोष्ट तरुणांना कळकळीने सांगावीशी वाटते. श्रद्धेच्या भरात जुन्या टेकडीवर नवीन काँक्रीटचा स्तूप किंवा विहार बांधू नये. खांबासाठी खड्डा घेतला की दोन हजार वर्षांचे थर एका दिवसात उखडतात. ते पुन्हा लावता येत नाहीत. विहार गावात बांधावा, टेकडी मोकळी ठेवावी.

तेरने स्वतः घातलेला धडा

जुनं जपण्याचं काम तेरच्याच एका माणसाने करून दाखवलं आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे व्यापारी. पावसाळ्यात टेकडीवरून वाहून आलेले मणी, नाणी, मूर्ती ते गोळा करत गेले. पुरातत्त्वाची पदवी नव्हती, पण नजर होती. त्यांच्या संग्रहातूनच तेरचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव दिलं गेलं. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारशाखा याच संग्रहालयात आहे. हवामानात उघडी राहिली असती तर केव्हाच गेली असती. तेरच्या जुन्या मंदिरांची वीट इतकी हलकी आणि सच्छिद्र की ती पाण्यावर तरंगते. मातीत भाताचं तूस मिसळून भाजलं की तूस जळून जातं आणि विटेत पोकळ्या राहतात. कारागिराचं ज्ञान म्हणतात ते हेच.

दूरच्या देशातलंही एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचं गाव आहे. १८२० च्या दशकापासून तिथे नदीच्या पाण्यावर कापडगिरण्या चालल्या. विसाव्या शतकात त्या एकेक करून बंद पडल्या आणि गाव भकास झालं. गिरण्या पाडून टाकाव्यात असं म्हणणारे पुष्कळ होते. पण तिथल्या लोकांनी उलटा विचार केला. १९७८ मध्ये गावाचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जाहीर झाला. एका गिरणीत संग्रहालय झालं. तिथे जुने माग आजही चालवून दाखवतात. इतर गिरण्यांत घरं, कचेऱ्या आल्या. भिंती जुन्या, वापर नवा.

मुंबईत वेगळं घडलं. दादरच्या चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलची सुमारे १२ एकर जागा परमपूज्य बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळाली आणि २०१५ मध्ये तिथे भूमिपूजन झालं. ही आपल्या सर्वांच्या अभिमानाची गोष्ट आहे. मात्र तिथे जागा राहिली, गिरणी राहिली नाही. ज्या कामगारांच्या हक्कांसाठी बाबासाहेब आयुष्यभर झगडले, त्यांचा एखादा माग, एखादं धुराडं तरी त्या स्मारकात असावं, असं वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या जिल्ह्यातही अशीच एक ठेव आहे. कसबे तडवळे इथे फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद झाली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले होते. त्यांचा मुक्काम ज्या शाळेत झाला ती वास्तू स्मारक म्हणून जपावी, ही तिथल्या लोकांची मागणी राहिली आहे. आमची त्यात एवढीच भर, की संगमरवर लावताना मूळ भिंत झाकू नये. आणि जिथे शाळा होती तिथे वाचनालय, अभ्यासिका चालावी. बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या जागी पोरं पुस्तक वाचत बसली आहेत, याहून मोठं स्मारक कोणतं?

आता काय करायचं

मोठ्या योजना शासन करील, त्यांचा पाठपुरावाही आपण करू. पण विहाराच्या हाती असलेल्या चार गोष्टी आम्ही इथे सुचवतो.

पहिली, दर वर्षी एका पौर्णिमेला तेरची धम्मसहल काढावी. सकाळी धाराशिव लेणी, दुपारी तेरचं संग्रहालय, त्रिविक्रम, स्तूपाची जागा. जेवण गावातल्याच बचत गटाकडून घ्यावं, डबे नेऊ नयेत. पैसा गावात राहिला तर गावाला जुनं जपावंसं वाटेल.

दुसरी, शेतात नाणं, मूर्ती, कोरीव दगड सापडला तर तो दडवू नये, विकू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या मोलाचं गुप्तधन सापडलं तरी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू परदेशी नेण्यावर खासगी माणसांना बंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कुठे आणि किती खोल सापडलं ही माहितीच त्या वस्तूचं खरं मोल असतं. वस्तू उचलली की ती माहिती गेली.

तिसरी, गोरोबाकाकांच्या यात्रेला चैत्रात हजारो भाविक तेरला येतात. समाधीचं दर्शन घेऊन परत फिरतात. त्यांना संग्रहालयाची वाट दाखवायला, माहिती सांगायला गावातली दहा-वीस पोरं-पोरी तयार करता येतील. आपल्यातले शिक्षक हे प्रशिक्षण देऊ शकतात. गावातले जुने वाडे पाडून गाळे काढण्यापेक्षा पाहुण्यांच्या मुक्कामाला, कुंभारकामाच्या आणि हातमागाच्या वर्गांना वापरता येतील. मातीचं काम तर तिथलं गोरोबाकाकांच्या काळापासूनचं.

चौथी, स्तूपाच्या जागेची नीट देखभाल व्हावी, झाडझाडोरा काढला जावा आणि माहितीचा फलक असावा, यासाठी पुरातत्त्व खात्याकडे लेखी मागणी करावी. श्रमदान करायचं तर त्यांच्या परवानगीने आणि देखरेखीखालीच. हौसेने मारलेलं कुदळीचं एक टोकही नुकसान करतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तेर ही केवळ बौद्धांची ठेव नाही. तिथे स्तूप आहे, विष्णूचं आणि शिवाचं मंदिर आहे, वारकरी संताची समाधी आहे. विणकर, कुंभार, मणी घडवणारे कोणत्या देवाला हात जोडत, हे प्रत्येक मण्यावर लिहिलेलं नाही. त्यांचे कष्ट मात्र प्रत्येक मण्यात आहेत. म्हणून तेर जपायचं ते सगळ्या गावाला बरोबर घेऊन.

नाशिकच्या लेखातला नियम आम्हाला इथे पुन्हा आठवतो. ठेवीला हात लावायचा नाही, व्याज वापरायचं. तेरची पांढरी, तिथली वीट, तिथला स्तूप ही पूर्वजांनी आपल्या नावे ठेवलेली कायम ठेव आहे. तिच्यावर शिक्षण, रोजगार, गावाचा मान हे व्याज जरूर घ्यावं. मूळ ठेव पुढच्या पिढीच्या हाती जशीच्या तशी द्यावी. विहाराच्या पुढच्या वर्धापन दिनी हिशेब मांडताना या खात्यावरही काही जमा दाखवता यावी, एवढीच सदिच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!